शेवंतीच्या पाटीला हात

देवगड बंदराच्या वर वसलेल्या जामसंड्याच्या बायका गंगूला तिच्या हाकेवरून ओळखत. आधी वळणापलीकडून तिची हाक यायची, मग गंगू, आणि मग फाटकाशी उभं राहून दुसरी हाक, "पाटयेक हात लाव गो वयनी!" ओल्या मासळीची भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही आणि एकटीने उतरतही नाही. समोरून दुसऱ्या माणसाने हात लावावा लागतो. बंदरावरच्या साऱ्या मासेवाल्या बायका हे दिवसातून दहा ठिकाणी मागत, आणि त्यात आपण काही मागतोय असं कोणाच्या मनातही येत नसे.

शेवंती आली की यातलं काहीच व्हायचं नाही. घरातली बाई बाहेर येऊन बघते तो पाटी कुंपणाच्या दगडी गडग्यावर, आणि पाटीशेजारी पदराने मान पुसत शेवंती उभी. ती कधी आली, एवढं ओझं कसं उतरलं, कोणी पाहिलेलं नसायचं.

तिची युक्ती साधी होती. जामसंड्यात घराघराला चिऱ्याचे गडगे. खांद्याला लागेल एवढा गडगा मिळाला की शेवंती त्याला अंग लावून उभी राहायची, गुडघे जरा वाकवायची, मान तिरकी करायची आणि पाटी अलगद चिऱ्यांवर सरकवायची. चढवताना तेच उलटं. कुठल्या घरात माणसं कशी आहेत हे तिला फारसं ठाऊक नव्हतं. कुठल्या घरचा गडगा कसा आहे हे मात्र पाठ होतं. सुनीतीवहिनींचा गडगा उत्तम, सपाट. भाई दुकानदाराचा जरा बुटका, कंबरेला रग लावणारा. निवृत्त फौजदारांनी नवीन घर बांधलं आणि त्याला गडगा न घालता तारेचं कुंपण घातलं, तेव्हापासून शेवंती त्या घरासमोरून नाकासमोर बघत जायची. फौजदारीणबाईंना इसवण, म्हणजे सुरमई, फार आवडे. आपलं काय चुकलं याचा त्या बिचाऱ्या वर्षानुवर्षं विचार करत होत्या.

मागायचं नाही, हा शेवंतीचा पण जुना होता. ती वेंगुर्ल्याकडची. लग्न होऊन देवगडच्या खाडीकाठी वाडीत आली त्या पहिल्याच आठवड्यात चुलीतला विस्तव विझला, म्हणून शेजारच्या चंद्रावतीकाकीकडे करवंटी घेऊन गेली. काकीने निखारा दिला. पण संध्याकाळी शेवंती बावीवर पाण्याला गेली तर तिथे जमलेल्या साऱ्या बायका तिच्याकडे बघून हसल्या, आणि एकीने विचारलं, "काय गो, पेटली काय चूल?" शेवंतीच्या कानशिलांचाच विस्तव झाला. त्या दिवसापासून तिने कोणाच्या दारात रिकामा हात नेला नाही.

त्यात नवरा मिळाला लवू. लवू दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून जायचा. माणूस गोड, कामाला वाईट नाही, पण मागण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. स्वतःच्या पैशाची तंबाखू त्याच्या तोंडात कोणी पाहिलेली नव्हती. मयताला गेला तरी खांदा बदलताना पुढच्याच्या बंडीचा खिसा चाचपायचा. शेवंतीला वाटायचं, या घराच्या वाट्याला जेवढं मागणं आलं होतं तेवढं या माणसाने एकट्याने वापरून टाकलं. आता आपल्याला एक शब्दही शिल्लक नाही.

म्हणून ती पावसाळ्याआधी घराची कौलं स्वतः परतायची, तांदळाचं पोतं स्वतः ओढायची. बाळंतपणाच्या वेळी सुईणीला बोलावणं धाडायचं तर तेही मागणंच. नशिबाने सुईण आपल्या कामाने दारावरून चालली होती. शेवंतीने दारच्या खळ्यातूनच तिला म्हटलं, "इलंस तशी बस जरा." सुईण बसली, आणि तासाभरात मुलगी झाली. दुसऱ्याला मदत करायची असली की मात्र शेवंती अंगावर धावून जायची. नको म्हणणाऱ्याच्या हातातूनही कळशी हिसकावून घ्यायची.

असं बरं चाललं होतं. मग बासष्ट साली रस्ता आला.

रस्ता म्हणजे डांबराचा. होता तो रुंद करायचा ठरला, आणि सरकारी माणसांनी दुतर्फा चुन्याच्या खुणा मारल्या. शेवंती तेव्हा माहेरी भाचीच्या लग्नाला गेलेली. परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बंदरात बांगडा असा लागला, की होड्यांच्या तळाला पाय ठेवायला जागा नव्हती. शेवंतीने पाटी शिगोशीग भरली, बंदरावर तिच्या नेहमीच्या भिंतीवरून डोक्यावर सरकवली आणि घाटी चढून वर आली.

सुनीतीवहिनींच्या घरापाशी नेहमीसारखं अंग तिरकं केलं, आणि थबकली. गडगा नव्हता. जिथे गडगा होता तिथे तांबडी माती होती आणि चार चिरे पडले होते, गुडघ्यालाही न लागणारे. तिने पुढे नजर टाकली. पुढेही तांबडी माती. भाईच्या दुकानापर्यंत रस्त्याला एक म्हणून गडगा उरला नव्हता. पाटी तशीच घेऊन खाली बसावं तर वरचे बांगडे आधी चिखलात गेले असते, आणि मागोमाग शेवंती.

तेवढ्यात सुनीतीवहिनी बाहेर आल्या. त्या मास्तरांच्या बायको, बोलणं शुद्ध आणि मन मऊ.

"अगं, उभी काय? उतरव ना. थांब, मी हात लावते."

आता शहाण्या बाईने हो म्हटलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय तोंडातून आधी बाहेर पडली.

"नुको वयनी! आज... आज पाटी उतरूची नाय."

"का गं?"

शेवंतीने दोन्ही हातांनी पाटी सावरली. वहिनींनी तिच्या घामेजल्या चेहऱ्याकडे, ताठ मानेकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"नवस बोललीस का?"

डोक्यावर भरली पाटी असली की मान हलवता येत नाही, ना होकाराला ना नकाराला. वहिनींनी त्या न हलण्याचा अर्थ हो असा घेतला. शेवंतीला अर्धीअधिक पाटी उभ्याउभ्याच विकून हलकी करायची होती, म्हणून ती घाईने म्हणाली, "वयनी, तुमी पाटावर उभी ऱ्हवा आणि वरसून बांगडे घेवा."

"छे गं बाई!" वहिनी दोन पावलं मागे सरल्या. "नवसाच्या पाटीला मी हात कसा लावू?"

म्हणजे उतरवणंही बंद, आणि विक्रीही बंद. शेवंती पुढे निघाली. पण तिच्यापेक्षा बातमी चपळ होती. परड्यांमधून आडवाटेने ती आधीच भाईच्या दुकानावर पोचली होती. भाई दुकानदार मिस्कील माणूस. शेवंती दिसताच तो गादीवरून उठला आणि त्याने हात जोडले.

"कोणाचो नवस गो शेवंते? घोवाची तंबाखू सुटाक होई म्हणान?"

दुकानावरची माणसं खो खो हसली. पण मुलगा लांब नोकरीला असलेली शेजारची एक म्हातारी हसली नाही. ती काठी टेकत पुढे आली, शेवंतीच्या पायांवर तिने पाणी घातलं आणि कुजबुजली, "बाये, माझ्या झिलाची बदली इकडे होवंदे म्हणान तेवढा तुझ्या देवाक सांग."

"सांगतंय," शेवंती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

माणसांनी नवस पाळला, कावळ्यांनी पाळला नाही. त्यांना ही आयती उघडी पाटी फारच सोयीची वाटली. एक आला, बांगडा घेऊन गेला, आणि बहुधा घरी जाऊन सांगून आला. मग पाच-सहा आले. शेवंतीला वरचं काही दिसेना. नुसती फडफड ऐकू येई आणि पाटी डुले. हात वर करून हुसकावावं तर तोल जायचा. ती तोंडाने "हाड! हाड!" करत चालली होती, आणि दोन्ही बाजूंच्या अंगणांतून बायका भक्तिभावाने हात जोडत होत्या.

शाळेच्या पुढच्या वळणावर, काजूच्या सावलीत गंगू बसली होती. तिची मासळी केव्हाच विकली गेली होती. रिकामी पाटी पालथी घालून ती त्यावर आरामात बसून पान लावत होती. शेवंतीला नेमकी हीच नको होती. अख्ख्या गावाला आपल्या पाटीला हात लावायला लावणारी ही बाई तिला पहिल्यापासून निलाजरी वाटायची.

"काय गो शेवंते, नवस करतस म्हणे?"

"लोकां काय्येक बोलतत."

"लोकांचा ऱ्हवंदे. तुझी मान काय बोलता ता आयक. वाकडी झाली हा."

शेवंती न थांबता पुढे गेली. गंगू उठली, पाटी काखोटीला मारली आणि तिच्या शेजारून चालू लागली.

"सुनीतीवयनीचो गडगो पडलो," गंगू म्हणाली, जशी काही सुतकाची बातमी देत होती. "भाईचो पण पडलो. तुका काय वाटला, तुझा गुपित कोणाक कळना नाय? अख्ख्या बंदराक ठावक आसा. आमी म्हणा होतो, गडगे पडले, आता शेवंती खंय जातली?"

"मगे उतरव ना!" शेवंती ओरडली.

"उतरवतंय. माका सांग तर."

"काय सांगू?"

"हात लाव म्हणान."

दोघी दहा पावलं चालल्या. कावळा एक बांगडा घेऊन गेला.

"तुका दिसता ना?" शेवंती म्हणाली.

"दिसता. डोळे बरे आसत माझे. कान मात्र रिकामे बसले हत."

"पाटी जड आसा."

"आसतलीच."

"मान दुखता माझी."

"दुखतलीच. त्याका मी काय करू?"

शेवंतीला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्या दोन्हींच्या वर बांगडे होते. तेवढ्यात त्यांतला एक घसरला. तो तिच्या कपाळावरून हळूहळू खाली आला आणि नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबकळला, थंडगार. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मध्ये तो बांगडा. गंगूचे ओठ थरथरायला लागले. ती हसणार हे शेवंतीला दिसलं, आणि ती हसायच्या आत शेवंतीने डोळे मिटून सगळा जीव एकवटून हाक मारली,

"हात लाव गोऽऽ!"

इतक्या वर्षांची साठलेली हाक ती. शाळेतले पाढे थांबले. बैलगाडीवाल्याने कासरा ओढला. रस्त्यावर खडी फोडणारी माणसं, कोणावर दरड कोसळली अशा समजुतीने हातोडे टाकून धावत आली. क्षणभरात एका पाटीला इतके हात लागले की पाटी खाली न येता आधी वरच गेली. शेवटी गंगूने सगळ्यांवर खेकसून ती जमिनीवर टेकवली.

"बाये, नवस फिटलो?" गाडीवाल्याने अदबीने विचारलं.

"फिटलो," गंगू म्हणाली. "आता घेवा बांगडे."

फिटलेल्या नवसाचे बांगडे घ्यायला कोणाचीच हरकत नव्हती. पाटी बघताबघता रिकामी झाली. मग त्या दोघी काजूखाली बसल्या. गंगूने पान अर्धं तोडून दिलं, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू एकदाचं सोडलं. हसता हसता ती मागच्या मागे कलंडली. शेवंतीने पहिल्यांदा तोंड फिरवलं, मग तीही हसली, आणि तिच्या दुखऱ्या मानेतून कळ आली तशी "आई गे!" म्हणून पुन्हा हसली.

"एक सांग," गंगू डोळे पुसत म्हणाली. "गडगो तुका कधी काय सांगता?"

"काय सांगतलो? दगड तो."

"मगे बघ. माका हात लावूक येता ती बायल काय ना काय सांगता. कोणाचो ताप उतरलो नाय, कोणाकडे पावणे येवचे आसत, कोणाची सून रुसली. त्यावरसून माका समाजता, खंय इसवण ठेवूची आणि खंय पेडवे. तू दगडाक विचारीत बस."

दुसऱ्या दिवसापासून शेवंती मागायला शिकू लागली, आणि जामसंड्याला ते काही दिवस फार जड गेलं. तिला मवाळ मागताच येईना. फाटकाशी येऊन ती फौजदारासारखी गरजायची, "हात लाव!" सुनीतीवहिनी हातातलं पीठ सांडून धावत येत. "मागतस काय पकडून नेतस?" गंगूने विचारलं. मग शेवंतीने उलटं टोक गाठलं. घसा खाकरायची, हवापाणी बोलायची, पाटीचं नावच काढायची नाही. घरातल्या बाईला वाटे, ही पाटी डोक्यावर घेऊन गप्पा मारायला आली आहे.

एके दिवशी ती तारेच्या कुंपणाशी थांबली. फौजदारीणबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. शेवंतीने कुंपणावरून हाक दिली. "बाये, जरा हात लावशा?" बाई सूप तसंच टाकून आल्या. पाटी उतरवून झाली तरी त्यांनी काठ सोडला नाही.

"इतकी वर्षं तू आमच्या दारावरून जातेस," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्या तोंडून कधी काही वावगं गेलं असेल."

तुमच्याकडे गडगा नव्हता, हे शेवंती कुठल्या तोंडाने सांगणार? तिने पाटीतली सर्वांत चांगली इसवण काढली आणि बाईंनी विचारायच्या आत कापायला घेतली.

घरीही बदल झाला. तिने लवूला पाणी भरायला सांगितलं, कौलं परतायला सांगितलं. लवू खळ्यात डोक्याला हात लावून बसला. "इतकी वर्सां सुखात गेली," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "त्या गंगूक बघून घेतंय मी." पण कौलं त्याने परतली, आणि चांगली परतली.

दोनेक वर्षांनी भाद्रपदात लवूला तापाने घेरलं. दुपारपर्यंत तो उठेना, ओळख देईना. डॉक्टर वर जामसंड्यात, मध्ये ती घाटी. शेवंती दारात उभी राहिली, आणि तिच्या पायांना सगळ्यांत जवळचं घर दिसलं ते चंद्रावतीकाकीचं. काकी आता थकली होती. शेवंतीने उंबऱ्यातूनच म्हटलं, "काकी, माणसां होयी. लवूक वर न्हेवक होया."

काकी भिंतीला धरून उठली. "एकदा विस्तव न्हेलंस, मगे परत इलंस नाय," ती म्हणाली. "नवी सून माझ्याकडे पयली इली म्हणान मी गावभर मिरवलंय. आणि तू तोंड फिरवलंस."

मिरवलं, की हसं केलं, ते काकीलाच ठाऊक. विचारायला वेळ नव्हता. काकीच्या मुलाने बाजलं आणलं; शेवंती एकेका दारात जाऊन हाक मारत सुटली. कोणी नाही म्हटलं नाही. उलट, शेवंती स्वतः मागायला आली म्हणजे प्रकरण भयंकरच असणार असं समजून जो तो आपल्याबरोबर आणखी दोघांना घेऊन आला. घाटी चढताना बाजल्याला चौघे होते आणि मागे अख्खी वाडी. गंगू पुढे, वाट मोकळी करत.

जामसंड्यातल्या लोकांनी हे दुरून पाहिलं आणि जे समजायचं ते समजले. सुनीतीवहिनींनी पदर डोळ्यांना लावला. भाईने दुकानाच्या दोन फळ्या लावल्या, टोपी काढली आणि खाली मान घालून रस्त्याकडेला उभा राहिला. "बरो माणूस होतो," तो शेजारच्याला म्हणाला. बाजलं समोर आलं तेव्हा सड्याच्या उघड्या माळावरच्या गार वाऱ्याने लवूला जरा शुद्ध आली. त्याने डोळे किलकिले केले, ओळखीचं दुकान दिसलं, आणि पांघरुणातून एक हात बाहेर आला.

"भाई," क्षीण आवाज म्हणाला, "जरा तंबाखू."

भाई जागच्या जागी बसला. म्हणतात, त्या दिवशी त्याने पहिल्यांदा मागितल्याहून जास्त दिली. डॉक्टरांनी ती काढून घेतली हा भाग वेगळा. लवू पंधरवड्यात हिंडूफिरू लागला. शेवंतीने वाडीतल्या घराघरात जाऊन सांगितलं, लवू बरा आहे. आणि प्रत्येक घरी बसली, पाणी प्यायली, उठायची घाई केली नाही.

पुढे एस.टी. रोज वेळेवर धावू लागली, तेव्हा शेवंती आणि गंगू पाट्या घेऊन लांबच्या बाजारांना जाऊ लागल्या. कोणाला हात लावायला सांगायचं याचं शेवंतीला आता काही वाटत नसे. थोडं वाटलं असतं तर बरं, असं काही प्रवाशांचं मत होतं. एकदा थांब्यावर एक इस्त्रीचे कपडे घातलेले गृहस्थ तिच्या पुढ्यात आले.

"अहो, जरा हात लावा."

"बाई, मी तालुक्याच्या कचेरीत साहेब आहे," ते नाकाला रुमाल लावत म्हणाले.

"मगे बरां झाला," शेवंती म्हणाली. "तालुक्याचो हात, म्हणजे बळकट आसतलो. हयसून धरा. नाय, तसो नाय, खालसून. गंगू, साहेबांक दाखय गो."

गंगूने दाखवलं. साहेबांनी रुमाल खिशात घातला आणि पाटी उचलली. गाडी सुटेपर्यंत त्यांना शेवंतीकडून कळलं होतं की पेडव्यांना यंदा चरबी चांगली आहे. आणि शेवंतीला कळलं होतं की साहेबांच्या बायकोचं माहेर वेंगुर्ल्याचं, तिला इकडे करमत नाही, आणि ती कालपासून धड जेवलेली नाही.